चंद्र-शनि युति : एका फलिताची चिकित्सा

फलज्योतिष खरें कीं खोटें, हा वाद जुना आहे आणि तो बहुधा दोन्ही पक्षांच्या आवाजांतच बुडून जातो. त्या ग्रंथांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची रीत मात्र आपल्याकडे फारशी पडलेली नाहीं. वस्तुतः कुंडली हा एक मजकूर आहे. ती वाचणारा ज्योतिषी हा टीकाकार आहे. आणि जातकग्रंथांतील श्लोक हा त्याचा कोश आहे. टीकाकारानें लावलेला अर्थ मुळांत आहे कीं त्याच्या पदरचा आहे, हें तपासणें हें समालोचकाचें काम होय. काव्याच्या बाबतींत हें काम नीट झालें नाहीं तर फार तर एका कवीवर अन्याय होतो. पत्रिकेच्या बाबतींत झालें नाहीं तर एखाद्या मुलीचें ठरत आलेलें लग्न मोडतें. म्हणूनच साहित्यास वाहिलेल्या या पृष्ठांत एका ग्रहयुतीचा विचार करण्यांत आम्हांस कांहीं अप्रस्तुत वाटत नाहीं.

आमच्या नगर जिल्ह्यांत—सरकारी दप्तरांत २०२४ सालापासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे—शनि हा ग्रह केवळ पंचांगांत राहत नाहीं. नेवासें तालुक्यांतील शिंगणापुरास तो उघड्या चौथऱ्यावर शिळारूपानें उभा आहे. शनि-अमावास्येला तेथें लोटणाऱ्या गर्दींत, पत्रिकेंत दोष निघाला म्हणून तेल वाहावयास आलेलीं कुटुंबें थोडीं नसतात. या दोषांपैकीं सुशिक्षित घरांतूनहि ज्याचा धाक आहे असा एक दोष म्हणजे जन्मकाळीं चंद्र आणि शनि एका राशींत असणें. त्याला आतां 'विषयोग' असें नांव सर्रास दिलें जातें. मुलगी शिकलेली असते, घराणें माहितीचें असतें, मुलामुलींची पसंति झालेली असते; शेवटीं पत्रिका पुढें येते आणि चंद्र-शनि एकत्र आहेत एवढ्या एका वाक्यानें बोलणें थांबतें. 'योग नव्हता' असें म्हणून दोन्ही घरें गप्प बसतात. हा योग कोणत्या ग्रंथांत सांगितला आहे, त्याचा मूळ अर्थ काय, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. तें विचारावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आकाशांत काय घडतें तें पाहूं. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लक्ष ८४ हजार किलोमीटरांवर आहे. शनि सव्वाशें ते दीडशें कोटि किलोमीटरांच्याहि पलीकडे जातो. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदांत पृथ्वीवर येतो, शनीचा यावयास तासाहून अधिक वेळ लागतो. तेव्हां या दोघांची 'युति' म्हणजे भेट नव्हे. एकाच दिशेला दिसणें, एवढेंच. रस्त्यावरचा दिवा आणि दूरच्या डोंगरावरचा दिवा एका रेषेंत दिसले म्हणजे ते एकमेकांजवळ आले असें आपण म्हणत नाहीं.

आतां ही युति कितीदां होते? चंद्र सुमारें २७⅓ दिवसांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतो, म्हणजे एका राशींत तो सव्वादोन दिवस असतो. शनीला तीच फेरी करावयास साडेएकोणतीस वर्षें लागतात; एका राशींत तो अडीच वर्षें मुक्काम करतो. अर्थात् प्रत्येक महिन्यांत सव्वादोन दिवस चंद्र शनीच्या राशींत असणारच, आणि त्या सव्वादोन दिवसांत जगांत कोठेंहि जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या कुंडलींत ही युति येणारच. हिशेब सोपा आहे : बारा माणसांमागें एक. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गांत अशीं पांच मुलें बसलेलीं असतात. २०११ च्या जनगणनेंत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लक्ष ४३ हजारांवर भरली. त्यांपैकीं सुमारें पावणेचार लक्ष माणसें या 'विषाची' धनी ठरतात. एवढ्या माणसांचे संसार, व्यापार, शेत्या आणि नोकऱ्या इतर सर्वांसारख्याच बऱ्यावाईट चालल्या आहेत, हें डोळ्यांसमोर असतांना विष कोठें गेलें हा प्रश्न कोणीहि विचारावा.

बरें, युति आहे कीं नाहीं हें तरी निश्चित असतें काय? तेंहि नाहीं. राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा याविषयीं आपल्या पंचांगकर्त्यांत मतभेद आहे. १९५२ सालीं डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीनें चित्रापक्ष स्वीकारला; आपल्याकडील टिळक पंचांग मात्र रैवतपक्षाचें आहे. या दोन पक्षांच्या अयनांशांत सुमारें चार अंशांचें अंतर पडतें. समजा, चित्रापक्षाप्रमाणें चंद्र मकर राशीच्या अठ्ठाविसाव्या अंशावर आणि शनि कुंभेच्या पहिल्या अंशावर आहे. राशि निराळ्या, म्हणून राशीच्या हिशेबानें युति नाहीं. त्याच मुलीची पत्रिका रैवतपक्षानें मांडली कीं दोन्ही ग्रह चार अंश पुढें सरकून कुंभेंत एकत्र येतात. मुलगी तीच, जन्मवेळ तीच, आकाश तेंच. एका पंचांगानें ती निर्दोष आणि दुसऱ्यानें विषयुक्त! आकाशांतील वस्तुस्थितीवर नव्हे, तर कोणतें पंचांग घरांत आहे यावर जो दोष अवलंबून राहतो, त्याला दोष म्हणावें कीं पाठभेद?

पण आमचा मुख्य विषय आकाश नव्हे, श्लोक आहे. फलज्योतिषाचा सर्वांत मान्य असा प्राचीन ग्रंथ म्हणजे सहाव्या शतकांतील वराहमिहिराचें 'बृहज्जातक'. त्याच्या चौदाव्या अध्यायांत दोन ग्रह एकत्र असल्याचीं फळें सांगितलीं आहेत. तेथें चंद्र-शनि युतीला फळ दिलें आहे तें एकाच शब्दांत, आणि तो शब्द आहे 'पुनर्भूसुत'. त्यांत विषाचें नांवहि नाहीं. लग्न लांबण्याचा उल्लेख नाहीं. नवऱ्याच्या आयुष्याचा संबंध नाहीं. 'पुनर्भू' म्हणजे जिचा पुन्हा विवाह झाला आहे अशी स्त्री, आणि 'पुनर्भूसुत' म्हणजे तिचा मुलगा. हा शब्द धर्मशास्त्रांतील आहे. याज्ञवल्क्यानें पुनः संस्कार झालेल्या स्त्रीस पुनर्भू म्हटलें आहे. नारदस्मृतींत पुनर्भूचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि स्वैरिणी त्यांहून वेगळ्या गणल्या आहेत. पुनर्भूच्या मुलाला 'पौनर्भव' असें म्हणत आणि पुत्रांचे जे बारा प्रकार शास्त्रकारांनीं मानले त्यांत त्याचें स्थान होतें. म्हणजे हा शब्द शिवी नव्हता. समाजांत घडणाऱ्या एका गोष्टीला दिलेलें तें कायद्याचें नांव होतें. त्याचें स्थान औरस पुत्राच्या खालीं होतें हें खरें, परंतु तो समाजाच्या वहींत नोंदलेला होता.

या फळाचें एक वैशिष्ट्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. कुंडली मांडावयाची ती बालकाच्या भविष्यासाठीं. आणि येथें सांगितलें जातें तें त्याच्या आईचें भूत! हें फळ खरें कीं खोटें हें ठरविण्यास पन्नास वर्षें थांबावयास नको. बारशाच्या दिवशींच तें ताडून पाहतां येतें. तें ताडून पाहिलें तर काय दिसतें? आपल्या महाराष्ट्रांतील ज्या वरिष्ठ जातींत पुनर्विवाहाला शतकानुशतकें बंदी होती, त्यांतहि दर बारा बालकांमागें एक बालक याच युतीवर जन्माला येत होतें. श्लोकाप्रमाणें त्यांतल्या प्रत्येकाची आई पुनर्विवाहित असावयास हवी होती. प्रत्यक्षांत त्या जातींत तशी स्त्री शोधून सांपडली नसती. याउलट ज्या जातींत पाट लावण्याची चाल उघडपणें होती, तेथें अशा मातांचीं मुलें महिन्याच्या सर्व दिवशीं जन्मत होतीं. त्यासाठीं चंद्र शनीजवळ जाण्याची वाट कोणी पाहिली नाहीं. पुनर्विवाह व्हावा कीं न व्हावा हें चंद्रानें ठरविलें नाहीं. जातीच्या रूढीनें ठरविलें.

पुढें वरिष्ठ जातींत ही रूढि बदलली तीहि माणसांनींच बदलली. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला; १८६९ मध्यें विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानें मुंबईस पुनर्विवाह घडून आला आणि त्यावर सर्व महाराष्ट्रांत वादळ उठलें. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं बालविधवा गोदूबाईंशीं विवाह केला. त्याच पुढें आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांचे पुत्र शंकर, दिनकर आणि भास्कर हे शास्त्राच्या भाषेंत शब्दशः पुनर्भूसुत होत. त्यांपैकीं दिनकर कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्या शब्दाच्या सांवलीला आज आपण भितों, त्या शब्दाचे खरे धनी हे असे होते.

मग हें फळ टिकलें कसें? तें टिकलें याचें कारण टीकाकारांनीं त्याचा अर्थ हळूहळू सरकवीत नेला. 'सारावली' या पुढील ग्रंथांत याच युतीला हत्तीघोडे सांभाळणारा, परवश, निर्धन अशीं निराळींच फळें सांगितलीं आहेत. आणखी पुढच्या काळच्या एका जातकग्रंथांत आई 'पुनर्भू' न राहतां सरळ 'कुस्त्री' झाली आहे. पाहा, केवढें हें अंतर! पहिल्या शब्दांत एक घटना होती; दुसऱ्यांत निंदा आली. मधल्या काळांत आकाशांत कांहींच बदललें नव्हतें. बदलली होती ती पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टि. तदनंतर तिसरा पालट झाला तो आपल्या काळाच्या जवळपास. आईविषयींचें फळ प्रत्यक्षाशीं जुळेना, म्हणून तें आईवरून उचलून जातकावर ठेवण्यांत आलें : लग्नास विलंब, ठरलेलें मोडणें, दोन विवाह, मनाची उदासीनता. आणि अखेरीस 'विषयोग' हें नांव चिकटलें, ज्यांत अर्थ कांहींच उरला नाहीं, केवळ भय उरलें. काव्याच्या टीकेंत कोणी असें केलें असतें, एका शब्दाचा अर्थ आईवरून मुलीवर आणि घटनेवरून विषावर नेला असता, तर आपण त्याला टीकाकार म्हटलें नसतें.

गंमत अशी कीं, त्याच बृहज्जातकाच्या लगतच्या पंधराव्या अध्यायांत प्रव्रज्यायोग सांगतांना चंद्र-शनींच्या विशिष्ट संबंधाला संन्यासाचें फळ दिलें आहे. त्याचा आधार घेऊन कांहीं ज्योतिषी या युतीला वैराग्य, चिकाटी, गंभीर वृत्ति अशीं चांगलीं फळेंहि देतात. म्हणजे एकाच जोडीवर एका पानावर लाज आणि पुढच्या पानावर भगवीं वस्त्रें! यांतलें कोणतें पान उघडावयाचें हें ग्रह सांगत नाहींत. समोर बसलेला गृहस्थ कोण आहे हें पाहून ज्योतिषी ठरवितो. मोठ्या घरच्या मुलाला वैराग्य मिळतें, गरिबाच्या मुलीला विष.

येथें ज्योतिषी बंधु एक आक्षेप घेतील, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. ते म्हणतील कीं, नुसत्या युतीवरून फळ सांगणें हें अर्धवटांचें काम. स्थान, दृष्टि, बल, नवमांश, दशा हें सर्व पाहून साकल्यानें अर्थ लावावयाचा असतो. ठीक आहे. मग पहिली गोष्ट ही कीं, नुसत्या युतीवरून लग्न मोडणाऱ्या प्रत्येक घराला ज्योतिषांनींच हें परखडपणें सांगितलें पाहिजे. दुसरी गोष्ट, साकल्यानें लावलेला अर्थ तरी खरा ठरतो काय, याचीहि परीक्षा महाराष्ट्रांतच झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनीं शंभर हुशार मुलांच्या आणि मानसिक विकलांगांच्या शाळांतील शंभर मुलांच्या जन्मवेळा जमवून कुंडल्या मांडल्या. ज्योतिषांना प्रत्येकीं चाळीस कुंडल्या देऊन हुशार मूल कोणतें आणि विकलांग कोणतें एवढेंच सांगावयास सांगितलें. कोणती पद्धति वापरावी यावर बंधन नव्हतें; साकल्यानें विचार करण्यास पूर्ण मोकळीक होती. सत्तावीस ज्योतिषांनीं उत्तरें धाडलीं. त्यांची सरासरी भरली शेंकडा ४६. सर्वांत यशस्वी ज्योतिषाचीं चाळिसांपैकीं चोवीस उत्तरें बरोबर आलीं. एका ज्योतिषसंस्थेनें दोनशेंहि कुंडल्या तपासल्या. तिचीं १०२ उत्तरें बरोबर होतीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी शेंकडा पन्नासाच्या आसपासच आलीं असतीं. हा वृत्तांत २००९ मध्यें 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. बुद्धि आहे कीं नाहीं एवढा मोठा भेद जो मजकूर सांगूं शकत नाहीं, तो लग्न सुखाचें होईल कीं नाहीं असा सूक्ष्म भेद सांगेल, असें मानण्यास आधार कोणता?

दुसरा आक्षेप भाविकांचा असतो : हें वैदिक शास्त्र आहे, तुम्ही इंग्रजी शिकलेले त्याला काय जाणणार? याचें उत्तर इंग्रजी ग्रंथांत शोधावयास नको. वेदांगज्योतिषांत तिथि आहेत, नक्षत्रें आहेत. मेषवृषभादि राशि नाहींत आणि जन्मकुंडलीचीं फळेंहि नाहींत. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे कुंडलीशास्त्रांतले शब्द मूळचे ग्रीक आहेत. यवनांना या शास्त्रांत ऋषींसारखा मान मिळतो, हें खुद्द वराहमिहिरानेंच मोकळेपणानें नमूद केलें आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ सालीं निघाला. तो ज्यांनीं मन लावून वाचला असेल त्यांस गणित आणि फलित यांतला भेद पुन्हा सांगण्याचें कारण नाहीं. आपल्या पूर्वजांचें ग्रहगणित हें अभिमानाची वस्तु आहे. फलिताचा भार त्या अभिमानाच्या खांद्यावर टाकूं नये.

आतां पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे वळूं. कारण या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें येथल्या मातींतच पडलेलें आहे. शिंगणापुरांत घरांना दारें नसण्याची चाल आहे. शनिदेव राखण करतो, चोरी होऊं देत नाहीं, या विश्वासावर ती चालत आली. ती श्रद्धा पटो अगर न पटो, तिचा अर्थ पाहण्यासारखा आहे. ज्या गांवानें शनीला सर्वांत जवळून पुजलें, त्याला शनि विष वाटला नाहीं, रखवालदार वाटला. त्याच शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांनीं चढूं नये अशी रूढि होती. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर गुढीपाडव्याच्या दिवशीं ती सुटली. शनि त्यामुळें कोपल्याचें ऐकिवांत नाहीं. अर्थ माणसें लावतात आणि माणसेंच तो सोडून देऊं शकतात, याचें हें जवळचें उदाहरण.

शिंगणापूर ज्या तालुक्यांत आहे त्याचें मुख्य ठाणें नेवासें. प्रवरेच्या कांठीं तेथें तो 'पैस'चा खांब आहे. त्यालाच टेकून शके १२१२ मध्यें ज्ञानदेवांनीं 'ज्ञानेश्वरी' सांगितली अशी परंपरा आहे. ज्ञानदेवांच्या पुण्याईविषयीं आम्हीं लिहावें असें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु त्यांच्या बालपणाची जी कथा परंपरेनें जपली ती येथें आठवावी. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेनें ते पुन्हा गृहस्थाश्रमांत आले. त्यांच्या चार मुलांना समाजानें 'संन्याशाचीं पोरें' ठरविलें, मुलांची मुंज नाकारली, शुद्धिपत्रासाठीं पैठणाला धाडलें. आईबापांच्या आयुष्यांतील एक घटना घेऊन तिचा डाग लेंकरांच्या कपाळीं लावावयाचा, ही जी रीत, तीच 'पुनर्भूसुत' या शब्दाच्या पुढच्या टीकाकारांनीं चालविली आणि तीच आज विषयोगाच्या नांवानें चालली आहे. ज्ञानदेवांच्या जन्मशकाविषयींच ११९३ कीं ११९७ असा मतभेद आहे; तेव्हां त्यांची कुंडली मांडून त्यांत कोणता योग होता हें शोधण्याची सोयहि कोणास नाहीं. तशी गरजहि भासलेली नाहीं. गेलीं सातशें वर्षें महाराष्ट्रानें त्यांना त्यांच्या ग्रंथावरून ओळखलें, जन्मावरून नव्हे.

आणि ज्या अहिल्याबाईंचें नांव या जिल्ह्यानें आतां घेतलें, त्यांचा जन्म जामखेड तालुक्यांतील चौंडीचा, १७२५ सालचा. १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले. मुलीच्या पत्रिकेंत ज्या योगाला आपण सर्वाधिक भितों तो वैधव्याचा योग त्यांच्या वांट्यास प्रत्यक्ष आला होता. आणि त्यानंतरच त्यांचा तो राज्यकारभार झाला, ज्यामुळें त्यांचें नांव काशीपासून रामेश्वरापर्यंत घाटांवर आणि देवळांवर राहिलें. एका विधवेच्या नांवानें आपला जिल्हा ओळखला जावा याचा अभिमान मिरवावयाचा, आणि घरांत आलेल्या पत्रिकेंत चंद्राशेजारीं शनि दिसतांच मुलगी नाकारावयाची, या दोन गोष्टी एका मनांत कशा नांदतात हें आम्हांस कळत नाहीं.

लग्न जुळवितांना चौकशी करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती जरूर करावी. मुलामुलींची प्रकृति, स्वभाव, शिक्षण, व्यसनें, घरांतील देणेंघेणें, दोघांच्या संसाराविषयींच्या अपेक्षा हें सर्व मोकळेपणानें विचारावें. यांतील बरेंच विचारण्याचा संकोच वाटतो म्हणूनच पुष्कळदां पत्रिकेचा आडपडदा घेतला जातो. नकार द्यावयाचा असेल तर तो खऱ्या कारणासाठीं द्यावा आणि आपल्या नांवावर द्यावा. तो शनीच्या नांवावर लिहूं नये. आणि इतकेंहि करून ज्या घराला पत्रिका पाहिल्याविना राहवत नाहीं, त्यानें ज्योतिषाला दोनच प्रश्न विचारावेत : हें फळ कोणत्या ग्रंथांत आहे, आणि मुळांत शब्द कोणता आहे? प्रामाणिक ज्योतिषी 'पुनर्भू' हा शब्द दाखवील. तो पाहिल्यावर घरांतल्या वडील माणसांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून विचार करावा कीं, पुन्हा संसार मांडणाऱ्या एका स्त्रीचें नांव आपल्याला अजून विषासारखें लागतें काय? त्याचें उत्तर 'नाहीं' असें असेल, तर ती पत्रिका घडी घालून कपाटांत ठेवण्यास आणि मुलीच्या घरीं होकार कळविण्यास त्या युतीची हरकत राहूं नये.